मुहूर्त ठरला, खाण्याची वेळ ठरली का?

लग्न, साखरपुडा, बारसे, डोहाळजेवण, वास्तुशांत, बाळाचा पहिला वाढदिवस. निमित्त कोणतेही असो, आपल्या पत्रिकेवर मुहूर्त अगदी मिनिटापर्यंत छापलेला असतो. ११ वाजून ४२ मिनिटे, ६ वाजून २७ मिनिटे. हॉलचा पत्ता असतो, निमंत्रकांची नावे असतात, 'आहेर आणू नये' ही सूचनाही असते. खायला किती वाजता मिळेल, हे मात्र फारसे कुठे लिहिलेले नसते. 'अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे' किंवा 'नंतर स्नेहभोजन' एवढ्यावर विषय संपतो.

मग व्हायचे तेच होते. सातच्या समारंभाला पाहुणे आठला येतात. प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकतात. सत्कार, मनोगते, फोटो यांत साडेनऊ वाजतात. या सगळ्या वेळात मागच्या टेबलावर बटाटेवडे, कटलेट, सँडविच, ढोकळा, पनीर टिक्का झाकून ठेवलेले असतात. समोर खुर्च्यांवर ताटकळणाऱ्यांत कुणी इन्सुलिन घेऊन आलेले असते, कुणाचे तीन वर्षांचे मूल भुकेने रडत असते. अन्न माणसांची वाट पाहते आणि माणसे अन्नाची. या दोन्ही प्रतीक्षांमुळे माणसे आजारी पडू शकतात.

पाहुण्यांना काय खायला द्यायचे यावर घरात आठ-आठ दिवस खल होतो. ते कधी द्यायचे हा प्रश्न आपण आचाऱ्यावर, सूत्रसंचालकावर किंवा नशिबावर सोडतो. माझे म्हणणे असे की, समारंभातल्या खाण्याची वेळ हा आरोग्याचा प्रश्न आहे. यजमानांनी ती आधी ठरवावी आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बसवावा. हाताने उचलून खाण्याच्या पदार्थांना, ज्यांना आता सगळे 'स्टार्टर' म्हणतात, हे सर्वांत जास्त लागू पडते. ते का, हे आधी पाहू.

घड्याळ आणि जिवाणू

अन्न शिजवल्यावर त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. पण काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. शिवाय शिजल्यानंतर हात, सुरी, फडके, माशी यांच्यामार्फत नवे जिवाणू येऊन बसतात. थोडक्या जिवाणूंनी सहसा काही बिघडत नाही. ते वाढू लागले की बिघडते आणि वाढायला त्यांना तीन गोष्टी लागतात: ओलावा, ऊब आणि वेळ.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जिवाणूंना मानवतो. त्यातही आपल्या अंगाच्या तापमानाच्या आसपास ते सर्वांत वेगाने वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल तर अनेक जिवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. हजार जिवाणूंपासून सुरुवात झाली असे धरा. तासाभराने ८ हजार, दोन तासांनी ६४ हजार, तीन तासांनी ५ लाख १२ हजार आणि चार तासांनी जवळपास ४१ लाख. पहिल्या दोन तासांत आकडा फारसा भीतिदायक वाटत नाही. पुढच्या दोन तासांत तो हाताबाहेर जातो. समारंभ लांबतो तो नेमका याच दोन तासांत.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम खायचे ते वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर असावे आणि थंड खायचे ते ५ अंशांच्या खाली. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एक तासावर आणावी, असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मार्गदर्शन सांगते. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या मांडवात पारा कुठे असतो, हे वेगळे सांगायला नको. वातानुकूलित हॉल असला तरी २४ अंश माणसांना गार वाटतात, जिवाणूंना नाही.

आता हाताने खायच्या पदार्थांची अडचण पाहा. वरण-भात मोठ्या पातेल्यात उकळतो आणि डावाने वाढला जातो. सँडविच, पाणीपुरी, छोटे पॅटिस, टूथपिक टोचलेले पनीर हे पदार्थ शिजल्यानंतर पुन्हा हाताने कापले, भरले, रचले जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर असतो. बोटाला पिकलेली जखम असेल तर तो मोठ्या संख्येने असतो. हातातून तो पदार्थावर येतो आणि तासन् तास उबेत ठेवले तर विष तयार करतो. असा पदार्थ खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत उलट्या सुरू होतात.

दुसरा बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू तांदूळ, बटाटा, मसाले यांत सापडतात आणि शिजवल्यावरही जिवंत राहतात. रात्री उकडून टोपलीत ढिगाने ठेवलेल्या बटाट्यात किंवा परातीत रचून ठेवलेल्या भातात ते पुन्हा रुजतात. तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, खिमा किंवा मटणाच्या मोठ्या पातेल्यांतला. पातेले सावकाश निवत राहिले की तो वाढतो आणि सहा ते २४ तासांत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'वाढायच्या आधी परत एकदा तळून काढले की झाले' असे आचारीही म्हणतात आणि घरची माणसेही. पुन्हा तळल्याने जिवाणू मरतील. पण स्टॅफिलोकोकसने आणि बॅसिलस सेरियसने तयार केलेले उलटीचे विष उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही. ते तळणीतूनही तसेच ताटात येते. वासावरून, चवीवरून किंवा रंगावरून ते कळतही नाही. म्हणून 'चाखून पाहिले, चांगले आहे' या परीक्षेवर भिस्त ठेवता येत नाही. घड्याळावर मात्र ठेवता येते.

पंगतीकडून बुफेकडे

आपल्या जुन्या पद्धतीत हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला होता. पंगतीत पाने मांडली जात, माणसे बसत आणि मग वाढपी गरम पदार्थ घेऊन फिरत. पहिला वाढा, दुसरा वाढा, की पंगत उठली. चुलीवरून पानात अन्न यायला वेळ लागत नसे. पंगतीची वाट माणसे पाहत, अन्न सहसा नाही.

पंगतीबाहेर पाहुण्यांपुढे जे ठेवले जाई ते कोरडे असे. चिवडा, चकली, शंकरपाळे, शेव, रव्याचा लाडू. या पदार्थांत पाणी अगदी कमी असते आणि ओलाव्याशिवाय जिवाणूंना वाढता येत नाही. म्हणून दिवाळीचा फराळ डब्यात आठवडाभर राहतो आणि ओल्या नारळाची चटणी दुपारची संध्याकाळी आंबते.

बुफे आला आणि गणित बदलले. ओले, मऊ, सारण भरलेले पदार्थ दोन-तीन तास उघड्यावर राहू लागले. त्यांच्या जोडीला मेयॉनीज, क्रीम, चीज आले. कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजमधून साल्मोनेला पसरू शकतो. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये अशा मेयॉनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती याच काळजीपोटी. मी बुफेच्या विरोधात नाही. उभ्याने, गप्पा मारत, आपल्याला हवे तेवढे घ्यायची सोय चांगलीच आहे. फक्त पद्धत बदलली तेव्हा तिच्याबरोबर घड्याळही यायला हवे होते, ते आले नाही.

चेफिंग डिशखाली पेटलेली छोटी ज्योत पाहून आपण निर्धास्त होतो. ते भांडे गरम अन्न गरम ठेवण्यासाठी असते. गार झालेले अन्न त्यात टाकले तर ते कोमट होऊन जिवाणूंच्या आवडीच्या पट्ट्यातच राहते. घरच्या हॉटपॉटचेही तसेच आहे. तो उष्णता काही काळ धरून ठेवतो, निर्माण करत नाही.

ज्यांना थांबता येत नाही

आता खुर्च्यांवर बसलेल्यांकडे वळू. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के येते. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये २०० मोठी माणसे असतील, तर त्यात वीस-बावीस मधुमेही असणार. त्यांतले काही इन्सुलिनवर, काही ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर. ही औषधे रक्तातली साखर खाली आणतात आणि जेवण वेळेवर मिळेल, हे गृहीत धरून ती दिलेली असतात.

साध्या किंवा मिश्र इन्सुलिनच्या काही प्रकारांत इंजेक्शन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. 'आठला जेवण' असे ऐकून एखादे काका साडेसातला घरून इंजेक्शन घेऊन निघतात आणि साडेनऊपर्यंत त्यांच्या पोटात सरबताशिवाय काही जात नाही. तेही साखर नको म्हणून त्यांनी नाकारलेले असते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, धडधड होते, चिडचिड होते. आणखी खाली गेली की माणूस बरळतो, शुद्ध हरपते. शेजारच्यांना वाटते, गर्दीत चक्कर आली. वयस्कर व्यक्तीत अशा वेळी पडून खुब्याचे हाड मोडणे किंवा हृदयावर ताण येणे हे धोके वेगळेच.

अशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. मधुमेही पाहुण्यांनीही एक पथ्य पाळावे. ताट समोर दिसल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊ नये आणि त्याच्या वेळेबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. चार बिस्किटे खिशात असावीत. पण पाहुण्याला बिस्किटे खिशात घेऊन यावे लागणे हे यजमानाच्या नियोजनाचे अपयश आहे, असे मला वाटते.

मद्य असलेल्या पार्ट्यांत वेळेचा आणखी एक घोळ असतो. ग्लास आधी येतात, खाणे तासाभराने. रिकाम्या पोटी मद्य झपाट्याने रक्तात उतरते. शिवाय मद्यामुळे यकृताची नवी साखर बनवण्याची क्षमता दबते. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या माणसाची साखर त्यामुळे मध्यरात्री झोपेतही घसरू शकते. मद्य टाळणेच उत्तम. पण ज्या घरी ते असेल, तिथे खाण्याच्या बशा ग्लासांच्या आधी फिरल्या पाहिजेत.

आणि उशिराच्या जेवणाचे काय? नऊला दोन वडे, चार कटलेट पोटात गेलेले असतात. साडेदहाला पुन्हा पूर्ण ताट आणि साडेअकराला अंथरुण. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. ते नसले की जळजळ, आंबट ढेकर, रात्रभर अस्वस्थता. आम्ल-पित्ताचा त्रास असलेल्यांना ही रात्र जड जाते. मग छातीत जळजळ आहे की हृदयाचे दुखणे, हे ठरवायला मध्यरात्री घरच्यांची धावपळ होते.

मुले आधी, बसवून

लहान मुलांच्या बाबतीत वेळ पाळण्याला दुहेरी महत्त्व आहे. भुकेली मुले नऊ वाजता बशीवर तुटून पडतात आणि तोंडात घास घेऊन पळत सुटतात. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे, सॉसेजचे गोल तुकडे हे पदार्थ चार-पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात आणि हसता-धावताना श्वास आत ओढला की दाणाही आत जातो.

म्हणून समारंभात सर्वांत आधी मुलांना खायला द्यावे, खाली बसवून, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. केक कापण्याच्या आधी अर्धा तास. द्राक्षे उभी चिरावीत, दाणे आणि फुटाणे त्यांच्या टेबलावर ठेवूच नयेत. टूथपिक मुलांच्या बशीत नको.

उलटे मोजत यावे

हे सगळे एका संध्याकाळीत कसे बसवायचे? एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या हॉलमध्ये बाळाचा पहिला वाढदिवस, साठ पाहुणे, पत्रिकेवर सात वाजता. आधी ठरवायचे की हेच रात्रीचे जेवण आहे की नाही. जेवणाआधीचा तासभर असेल तर माणशी चार ते सहा नग पुरतात. तेच जेवण असेल तर दहा-बारा धरावेत, हा साधारण अंदाज. ते पत्रिकेवर किंवा निरोपात स्पष्ट लिहावे, कारण घरून जेवून यायचे का, गोळी कधी घ्यायची, हे त्यावर ठरते.

मग घड्याळ उलटे फिरवावे. पहिली गरम बशी पावणेआठला बाहेर यायची असेल तर पहिला घाणा साडेसातला पडला पाहिजे. त्यासाठी बटाटे साडेपाचच्या सुमारास उकडावेत, आदल्या रात्री नाही. आदल्या दिवशीच उकडायचे असतील, तर उकडल्यावर पसरून लवकर निववावेत आणि तासा-दीड तासात फ्रिजमध्ये टाकावेत. ढीग करून टोपलीत ठेवू नयेत.

सातला येणाऱ्या वेळ पाळणाऱ्या पाहुण्यांसमोर कोरडे ठेवावे: चिवडा, शंकरपाळे, खाकरा आणि सोबत सरबत. यामुळे कुणाला ताटकळावे लागत नाही आणि ओल्या पदार्थांचे घड्याळही सुरू होत नाही. मधुमेही पाहुणा खाकरा तोंडात टाकून निश्चिंत बसू शकतो. साडेसातला मुलांना बसवावे. आठला केक. दुसरा घाणा साडेआठला, तिसरा नऊला. सँडविचचे सारण आणि चटणी फ्रिजमध्ये, कापणे वाढण्याच्या अर्धा तास आधी, तेही निम्मे. उरलेले निम्मे आतच ठेवावे. चटणीची वाटी बर्फाच्या परातीत ठेवली की बराच फरक पडतो.

ताटल्या छोट्या ठेवाव्यात आणि संपली की संपूर्ण ताटली बदलावी. जुन्या वड्यांवर नवे वडे ओतले की सगळ्यात तळचा वडा दोन तासांपूर्वीचा असतो आणि तो कुणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. प्रत्येक ताटलीखाली बाहेर काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी सरकवावी. पावणेदहाला टेबल रिकामे करावे. कार्यक्रम चालू असला तरी.

हात धुण्याची जागा खाण्याच्या टेबलाआधी हवी, नंतर नाही. शंभर जणांशी हस्तांदोलन करून, मुलाला कडेवर घेऊन, मोबाइल हाताळून आपण तीच बोटे वड्याला लावतो. साबण आणि वाहते पाणी याला कागदी रुमाल पर्याय होत नाही. उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरही साबणाइतका परिणामकारक नसतो.

केटरर बाहेरचा असेल तर मेनू ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. पदार्थ शिजणार किती वाजता? हॉलवर येईपर्यंत गरम किंवा गार कसे ठेवणार? तळण जागेवर होईल का? दुपारी तीनला शिजवून, टेम्पोत भरून, मुंबई-पुण्याच्या वाहतुकीतून सातला पोचणाऱ्या पदार्थांचे दोन तास पत्रिकेवरच्या वेळेआधीच संपलेले असतात. चांगला केटरर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याचा परवाना पाहण्यातही गैर काही नाही.

शेवटचे ताट कुणाचे?

आता ज्या मुद्द्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, त्याविषयी. समारंभात सर्वांत शेवटी कोण जेवते? वाढपी, मांडववाले, फोटोग्राफरचा मदतनीस, हॉलची सफाई करणाऱ्या बाई, खाली गाडीत बसलेला चालक. पाहुणे पांगल्यावर रात्री अकरा-साडेअकराला टेबलावरचे उरलेले त्यांच्या वाट्याला येते. पावणेआठला बाहेर आलेले ते अन्न तोवर चार तासांचे झालेले असते. तेच अन्न पिशवीत बांधून घरी मुलाबाळांसाठी नेले जाते आणि सकाळी खाल्ले जाते.

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात काम करताना हा क्रम नजरेआड करता येत नाही. उलट्या-जुलाबांनी सुकून आलेल्या रुग्णाला 'काल काय खाल्ले?' विचारले की 'लग्नातले' हे उत्तर ऐकू येते. पण ज्याला लग्नाचे आमंत्रण होते असा माणूस तो दर वेळी नसतो. त्याला एक दिवस काम बुडवणे परवडत नाही, म्हणून तो उशिरा येतो आणि अधिक सुकून येतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या एका गावी प्रसादातून विषबाधा झाली. शेकडो जण एकाच रात्री रुग्णालयात आले, खाटा पुरल्या नाहीत आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावे लागले. ती छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. मोठी विषबाधा झाली की बातमी होते. लग्नाच्या हंगामात दोन-दोन, चार-चार करून येणाऱ्यांची होत नाही.

म्हणून काम करणाऱ्यांची ताटे पहिल्या किंवा दुसऱ्या घाण्यातून आधीच काढून त्यांना पाळीपाळीने जेवायला बसवावे. पाहुण्यांच्या आधी किंवा बरोबर. उरलेले द्यायचेच असेल तर ते टेबलावर न मांडलेले, गरम किंवा फ्रिजमध्ये ठेवलेले असावे. तीन-चार तास उघड्यावर राहिलेले ओले अन्न कुणालाच देऊ नये. अन्न टाकवत नाही, ही भावना मला मान्य आहे आणि तिचा आदर आहे. पण आपण जे आपल्या नातवाला सकाळी भरवणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठी पिशवीत बांधून देणे हे दान नव्हे. अन्न वाया जायला नको असेल तर त्याचा उपाय आधी आहे: कमी पदार्थ, मोजून नग आणि थोडे थोडे तळणे.

'सगळे आल्याशिवाय कसे सुरू करायचे?'

हा आक्षेप येणारच. मोठी माणसे यायची आहेत, व्याही अजून वाटेत आहेत, अध्यक्षांच्या हस्ते दीपप्रज्वलन व्हायचे आहे. त्यांच्याआधी खाणे म्हणजे अपमान. या भावनेमागे आपुलकी आहे, हे खरे. पण वेळेवर आलेल्या शंभर जणांना उपाशी ठेवून उशिरा आलेल्या पाचांचा मान राखायचा, यात आदरातिथ्य कुठे राहिले? उशिरा येणाऱ्यांसाठी तिसरा घाणा आहेच. त्यांना उलट जास्त गरम मिळेल. मनोगते खाल्ल्यानंतरही होऊ शकतात. पोट भरलेला श्रोता अधिक शांतपणे ऐकतो.

दुसरा आक्षेप असा की 'आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच चालते, कुणाला काही झाले नाही.' काही झाले ते यजमानाला कळतेच असे नाही. त्रास रात्री दोनला सुरू होतो किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी. पाहुणा संकोचाने सांगत नाही. 'बाहेरचे खाल्ले, बाधले' म्हणून विषय संपतो.

त्रास झालाच तर काय करावे, तेही सांगतो. ओआरएसचे पाणी घोट घोट द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मनाने प्रतिजैविके सुरू करू नयेत. शौचातून रक्त, जास्त ताप, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणे, गुंगी यांपैकी काही दिसले तर वेळ न घालवता रुग्णालयात यावे. लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी तर वाट पाहूच नये. एकाच कार्यक्रमातले अनेक जण आजारी असतील तर जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे आणि उरलेले अन्न तपासणीसाठी झाकून फ्रिजमध्ये, वेगळे ठेवावे.

हे सगळे करायला खर्च जवळपास नाही. एक घड्याळ, थोड्या चिठ्ठ्या, बर्फाची एक परात आणि यजमानांपैकी एक माणूस, ज्याच्याकडे फक्त खाण्याच्या वेळेची जबाबदारी असेल. सूत्रसंचालकाला थांबवून 'आता आधी खाऊन घेऊ' असे म्हणण्याचा अधिकारही त्याच्याकडे द्यावा. पुढच्या वेळी पत्रिका छापायला टाकाल तेव्हा मुहूर्ताखाली एक ओळ वाढवा: 'अल्पोपाहार सायंकाळी ठीक पावणेआठ वाजता.' आणि ती पाळा.